रिव्हर्स हे बाईमाणसाचं काम

आमच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळायचं, मग गुळाचा खडा, आणि तो ओसरीवर जरा पाय पसरून बसायच्या बेतात असला की तात्या त्याला गाठून एखाद्या इंग्रजी शब्दाचं मूळ गाव सांगायचे. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. सगळी नोकरी शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर माणसांच्या सोयरिकी जुळवायच्या वयात त्यांनी शब्दांच्या सोयरिकी काढायला घेतल्या. पोरगी द्यायची म्हटलं की आमच्याकडं विचारतात, पाव्हणे मूळचे कुठले, मामेकूळ कोणतं, भावकीत कुणी काही भानगड केलीय का. तात्यांनी हीच चौकशी शब्दांच्या मागं लावली होती. त्यातही त्यांचा ओढा चालण्या-फिरण्याच्या, जाण्या-येण्याच्या शब्दांकडं जास्त. स्वतः मात्र ते ओसरीवरून सहसा उठत नसत.

एसटीत उभं राहून आलेल्या पाहुण्याला ते सांगायचे, "ट्रॅव्हल म्हणजे मुळात तीन खुंटांचा सांगाडा. त्याला माणूस बांधायचा आन त्याचे हाल करायचे. पुढं त्या हालालाच प्रवास म्हणायला लागले." पाहुणा कंबर चोळत म्हणायचा, "बरोबर हाय मास्तर, पर आमच्या गाडीत खुंट बी मोकळा न्हवता." मग अराइव्ह म्हणजे नदीच्या काठाला लागणं, असं सुरू झालं की आतून आईचा आवाज यायचा, "मग आता ताटाच्या काठाला लागा, भाकरी वाळायली." एकदा तात्यांनी सांगितलं की डाऊन हा शब्द मुळात टेकडीचा, 'टेकडीवरून' असं म्हणायचे, म्हणता म्हणता त्यातलं 'वरून' झडलं आणि नुसती टेकडीच खाली आली. बापू, म्हणजे माझे वडील, दूध मोजायचं थांबले. म्हणाले, "म्हणजे खाली जायाच्या शब्दाचा अर्थ टेकडी? आन असल्या लोकांनी आपल्यावर राज्य केलं?" तात्या म्हणाले, "आपल्यावर न्हाई केलं. आपल्यावर निजामानं केलं." बापूंना तेवढ्यानंही बरं वाटलं.

आमच्या घराची आणखी एक खोड सांगायला हवी, कारण पुढची सगळी फजिती तिच्यातून निघाली. आमच्याकडं डावं-उजवं फक्त हातांना असायचं, आणि तेही जेवताना. बाकी सगळं जग उगवतीला नाही तर मावळतीला. मिठाची बरणी चुलीच्या उगवतीला, म्हैस मावळतीच्या खुंट्याला. बापूंची पाठ खाजवायची तरी, "जरा मावळतीला घे... आणिक... हां, आता खाली," असं चालायचं. बापू कूस बदलून झोपले की त्यांच्या पाठीचा नकाशाही बदलायचा, आणि तो आम्हांला विचार न करता कळायचा. माझं नाव दिगंबर तात्यांनीच ठेवलं, दिशा पांघरलेला म्हणून. ते नाव मला किती शोभलं ते आता कळेलच.

घर देवगाव फाट्यापासून आत, गावाच्या टोकाला. पुढं अंगण, आणि अंगणातून उगवतीकडं रस्त्यापर्यंत जाणारा लांबलचक बोळ. बापूंची दुधाची जीप होती. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून दूध गोळा करायचं, फाट्यावरून सेलूला पोचवायचं, आणि रिकाम्या कॅनांचा खडखडाट करत परत यायचं. तो खडखडाट ऐकला की आई तव्यावर भाकरी टाकायची. जीप बोळातून तोंडानं आत यायची आणि अंगणात म्हशीच्या तोंडाला तोंड लावून उभी राहायची. वळवायला जागा नाही. त्यामुळं सकाळी ती मागं मागं घेत बोळातून बाहेर काढावी लागे. उलटी का नाही आत घ्यायची, असं कुणी विचारलं तर बापूंचं उत्तर ठरलेलं, "दुधाची गाडी म्हणजे लक्ष्मी. लक्ष्मी घरात पाठ करून येत असती का?"

सुरुवातीला बापू स्वतः गाडी मागं घ्यायचे. आई रांजणापाशी उभी, मी कडुनिंबापाशी, शेजारचे लोक भिंतीवर, आणि सगळे मिळून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचे. मग रांजण फुटायचा आणि बापू "येऊ द्या म्हणलं कोण?" म्हणून खाली उतरायचे. एके दिवशी वैतागून त्यांनी किल्ली अक्काकडं फेकली. "तू काढ गं गाडी भायेर, मी तवर च्या घेतो." अक्का माझ्याहून जराशीच मोठी. सडा टाकायची बादली तिनं खाली ठेवली, साडीचा पदर खोचला आणि मान मागं वळवून जीप सरळ रस्त्याला नेऊन लावली. रांजण जागेवर, कुत्रंही उठलं नाही. त्या दिवसापासून सडा, सारवण, शेण आणि रिव्हर्स ही बाईमाणसाची कामं झाली. गाडी मागं घेण्यात पुरुषाची शोभा ती काय? पुढं न्यायची ती गाडी, असा आमच्याकडचा हिशेब होता, आणि मलाही तो रास्त वाटायचा. आजही माझी मुलगी परभणीच्या बाजारात मला गाडी लावताना बघते तेव्हा रिक्षावाल्यांना हात करून थांबवते आणि म्हणते, "पप्पा, तुमी उतरा. सगळे थांबलेत."

अक्का रिव्हर्स घेत असताना तात्या ओसरीवरून गाडीच्या आवाजावर आपला आवाज चढवून बोलत राहायचे. "पोरी, व्हर्सस म्हणजे लॅटिनात नांगर तासाच्या टोकाला वळवणं. वळून पुन्हा तास धरायचं. त्याच्यावरनंच कवितेच्या ओळीला व्हर्स म्हणायला लागले. तुझं रिव्हर्स त्याच भावकीतलं. मोठ्या घरचा शब्द हाय तो!"

"ते समदं खरं हाय तात्या," अक्का मान न हलवता म्हणायची, "मागं म्हैस हाय का तेवढं सांगा."

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला बापू कडब्याच्या गंजीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, हाड जुळंल, पण क्लचवर तो पाय पुन्हा ठेवायचा नाही. ओसरीवर बाज टाकली. पहिल्याच सकाळी दुसरा माणूस आपल्या जीपच्या स्टिअरिंगवर बसलेला बापूंनी पाहिला आणि आईला म्हणाले, "बाज फिरव. माझं तोंड भिंतीकडं कर." मावळतीच्या भिंतीला पोपडे धरले होते, तेच बघत ते पडून राहायला लागले. जेवायला ताट पुढं आलं तरी मान फिरवत नसत.

तो दुसरा माणूस म्हणजे गावातलेच रज्जाकमामू, बापूंचे लहानपणापासूनचे दोस्त. ते वऱ्हाडाच्या गाड्या चालवायचे. पहाटेची फजरची नमाज करून मामू येईपर्यंत अक्का जीप रस्त्याला काढून ठेवायची. मामूंनी पहिल्याच दिवशी बापूंना सांगून टाकलं, "देखो भाऊ, लगनसराई लागंपर्यंत मी हाय. नंतर माझं पोट मला सोडायचं न्हाई. तवर ह्या दिगूचं लायसन करून टाकू." आणि ते आवश्यकच होतं. दूध घेणाऱ्यांनी निरोप धाडला होता की लायसनचा माणूस नसेल तर ह्या वाटेचं दूध दुसऱ्या गाडीला देऊ. ते गेलं म्हणजे जीप गेली, आणि जीप गेली म्हणजे बापूंनी भिंतीकडून तोंड वळवायचं काही कारणच उरत नव्हतं. सगळ्या घरानं माझ्याकडं बघायला सुरुवात केली. मला दुधाची साय मिळू लागली.

मामू मला रोज सकाळी शिकवायचे. गावापासून फाट्यापर्यंतचा रस्ता एकदम सरळ, आणि जाताना डाव्या हाताला कायम मावळत. मामू म्हणायचे, "लेफ्ट दाब, टेम्पो येऊ लागला," आणि मी मावळतीकडं दाबायचो. "राइट ले, खड्डा हाय," की उगवतीला. तात्यांनी त्यावरही पाणी फिरवलंच. "लेफ्ट म्हणजे मुळात दुबळा, आन राइट म्हणजे सरळ. दुबळा हात आन सरळ हात." ते ऐकल्यापासून लेफ्टला वळताना मला उगाच अशक्त वाटायचं. परतीच्या वाटेला मामूंना घाई असायची, त्यामुळं तेव्हा गाडी त्यांच्याकडं. आणि रिव्हर्सचा तर प्रश्नच नव्हता. ते काम अक्काचं.

शिकाऊ लायसन काढायला तात्या मला घेऊन गेले तेव्हा त्यांनी अक्कालाही सोबत नेलं आणि तिचंही काढलं. बापूंनी भिंतीकडं बघतच विचारलं, "तिचं कशाला?" तात्या म्हणाले, "असू दे. गो ह्या शब्दाचा भूतकाळ मेला तवा इंग्रजांना वेन्ट दुसऱ्या घरून दत्तक आणावा लागला. आपल्या घरात हाय तर भायेर कशाला बघा?" कुणाला काही कळलं नाही, म्हणून कुणी विरोधही केला नाही. अक्का मात्र त्या दिवसापासून गप्प गप्प राहायला लागली. म्हशीचं दूध काढताना एकदा मला म्हणाली, "दिगू, तू पास व्हशील ना रे?" मी म्हणालो, "मग काय!" ती म्हणाली, "हं." त्या 'हं'मध्ये काय होतं ते मला तेव्हा समजायचं कारण नव्हतं. मी साय खाण्यात गुंग होतो.

परीक्षेच्या दिवशी आईनं धपाटे आणि दही बांधून दिलं. मामूंनी जीप परभणीला नेली. मी पुढं, तात्या आणि अक्का मागं, रिकाम्या कॅनांच्या जागेवर. मैदानावर चुन्याच्या रेघा आखल्या होत्या आणि लोखंडी ड्रम ठेवले होते. कडेला एक रसवंती, तिच्या चरकाला घुंगरं बांधलेली. आमचा नंबर लागेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. सावली पायाखाली गेली. मैदानाचं तोंड दक्षिणेकडं होतं, हे मला आज माहीत आहे.

परीक्षा घेणारे साहेब शेजारी बसले. शांत माणूस होते, कपाळाला रुमाल लावत होते. म्हणाले, "चला, घ्या पुढं. त्या ड्रमपासून लेफ्ट."

लेफ्ट म्हणजे मावळत. आणि मावळत कुठं, तर सकाळी आम्ही आलो तेव्हा सूर्य ज्या झाडांवर होता, त्यांच्या समोरच्या अंगाला. मी हे सगळं फार झटकन आणि अगदी बरोबर जुळवलं. ड्रमपाशी आलो, इंडिकेटर दिला आणि मोठ्या आत्मविश्वासानं मावळतीला वळलो. दोन रेघा गेल्या, एक ड्रम आडवा झाला आणि जीप रसवंतीच्या बाकड्याला जाऊन टेकली. घुंगरं वाजली. रसवाल्यानं सवयीनं विचारलं, "किती गिलास?"

साहेबांनी रुमाल खाली घेतला. "हे लेफ्ट?"

"व्हय साहेब. मावळत."

"मी लेफ्ट म्हणालो होतो."

"आमच्या गावाकडं लेफ्टला मावळतच असती, साहेब."

साहेबांनी माझ्याकडं नीट बघितलं. "आणि गावाकडं परत येताना?"

"परत येताना मामू चालवतात."

एवढं होऊनही, माणूस चांगला, ते म्हणाले, "असू द्या. मागं घ्या आता. रिव्हर्स टाका."

मी खाली बघत खरं तेच सांगितलं. "रिव्हर्स आमच्यात बाया करतात, साहेब."

ते उतरले आणि त्यांनी माझा निकाल तिथंच सांगितला. मी जीपमध्ये बसून राहिलो. मामू लांबूनच डोक्याला हात लावून म्हणाले, "या अल्लाह, बैल शिकला असता एवढ्यात." मला मावळतीची भिंत दिसायला लागली, तिचे पोपडे, आणि त्यांच्याकडं बघणारी बापूंची मान.

तेवढ्यात अक्का साहेबांपुढं जाऊन उभी राहिली. "साहेब, माझं बी नाव हाय. कुसुम." पदर खोचलेला होता, शेण काढायला जाताना खोचायची तसा.

साहेबांनी तिला पाहिलं, मला पाहिलं, रसवंतीला पाहिलं. "तुम्ही यांच्याच घरच्या?"

"व्हय साहेब."

"बसा," ते म्हणाले. त्यात फारशी आशा नव्हती. मी उतरलो, ते पुन्हा शेजारच्या जागी बसले.

अक्कानं रसवंतीच्या बाकड्यापासून जीप मागं घेतली आणि रेघेवर आणून लावली. मग गाडी पुढं न घेता उलट साहेबांनाच प्रश्न केला. "साहेब, सूर्य माथ्यावर हाय. उगवत कुणीकडं, तेवढं एकदा सांगा. मग पुन्ना इचारणार न्हाई."

साहेबांचा रुमाल थांबला. "बाई, इथं उगवत-मावळत चालत नाही. लेफ्ट, राइट. एकदा आत्ताच बघितलं मी."

आणि इथं तात्यांना राहवलं नाही. छत्री उघडून, धोतराचा सोगा धरून ते थेट मैदानात शिरले, आणि जीपच्या मागं दोन ड्रमांच्या मधोमध उभे राहून साहेबांना उद्देशून बोलू लागले. "साहेब, गैरसमज व्हायलाय तुमचा! तुमी इंग्रजीत ओरिएंट म्हणता ना, त्याचा अर्थच उगवत. आधी उगवतीला तोंड करायचं, मग आपण कुठं हाव ते ठरवायचं. पोरगी अडाणी न्हाई, तुमच्याच भाषेत बोलायली!"

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"चुलते हायेत," अक्का म्हणाली.

"त्यांना बाहेर काढा, नाही तर टेस्ट रद्द करतो. एका घरचे किती लोक बघायचे मी?"

मामू धावले, पण तात्या आता ऑक्सिडेंट म्हणजे मावळत इथपर्यंत पोचले होते आणि छत्री हलवत होते. साहेब दार उघडून एक पाय बाहेर टाकून बसले होते. अक्कानं गिअर टाकला. मान मागं वळवली. आणि रोज म्हशीला घालायची तसली हाक घातली, "तात्या, सरका तिथनं! न्हाई तर तुमचं वेन्ट व्हईल!"

तात्यांनी उडी मारली. निवृत्तीनंतरची त्यांची ती सगळ्यात मोठी हालचाल. साहेबांनी पाय आत ओढला आणि दार लावलं, आणि मला वाटतं त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "घ्या मागं," ते म्हणाले. "शेवटच्या ड्रमपर्यंत. मी काही सांगणार नाही."

आमच्या बोळात एका अंगाला रांजण, दुसऱ्या अंगाला कडुनिंब, मधे झोपलेलं कुत्रं आणि वरून तात्यांचं लॅटिन. त्यापुढं परभणीचे ड्रम म्हणजे मोकळं रान होतं. जीप एकाच दमात, एकाच वेगानं, सरी पडावी तशी सरळ मागं गेली, टोकाला वळली आणि पुन्हा रेघ धरून उभी राहिली. मग साहेब लेफ्ट म्हणाले की अक्का हळूच "म्हंजे उगवतीला" असं पुटपुटायची आणि बरोबर वळायची. गाडी फिरली की तिचा हिशेबही बापूंच्या पाठीसारखा फिरायचा, आणि उलट्या टोकाकडून येताना तोच लेफ्ट "मावळतीला, बरं" व्हायचा. साहेब तात्यांच्या छत्रीकडं बघत होते तेवढ्यात उगवत तिनं रसवाल्याला खुणेनं विचारून घेतली होती. तिसऱ्या-चौथ्या वळणाला साहेबच म्हणाले, "आता मावळतीला घ्या," आणि मग स्वतःवरच चिडून घाम पुसू लागले.

उतरताना त्यांनी विचारलं, "रिव्हर्स कुठं शिकलात?"

"घरीच. शेण काढायच्या आधी."

पास झाल्याचं सांगितलं तेव्हा अक्का हसली नाही. तिनं मला फक्त म्हटलं, "दिगू, मागं बस."

येताना जीप तिनं चालवली. मामू शेजारी डोळे मिटून बसले होते, बहुतेक त्या आठवड्यात पहिल्यांदाच. मी आणि तात्या मागं. फाट्यावर उसाचा रस घेऊ म्हणाले तात्या. मी नको म्हणालो.

गावात शिरलो तेव्हा दिवस कलला होता. बोळाच्या तोंडाशी अक्कानं जीप थांबवली. रोजच्यासारखी आत घालेल म्हणून मी बूड सावरून बसलो, तर तिनं गाडी रस्त्यावरच पुढं नेली, मान मागं वळवली आणि आमचीच जीप पाठ करून आमच्याच बोळात घालायला सुरुवात केली. मामूंचे डोळे उघडले. "बेटी, बापू वरडंल." अक्कानं मान मागंच ठेवली. आई भाकरतुकडा ओवाळायला दारात आली होती, तिला पुढून गाडीचं तोंड मिळेना. ती तुकडा घेऊन भिंतीला अंग घासत सगळ्या जीपला वळसा घालून पलीकडं गेली आणि तिकडून ओवाळू लागली. म्हैस रोजच्या तोंडाऐवजी हे काय आलं म्हणून दावं ताणून बघत राहिली. कुत्रं मात्र उठलं नाही.

बापूंची पाठ आमच्याकडं होती. आवाजावरून त्यांना सगळं कळत होतं. भिंतीला म्हणाले, "लायसन झालं?"

"झालं," अक्का म्हणाली. माझं का तिचं, हे त्यांनी विचारलं नाही.

"आन गाडी पाठीनं कोण घालायलाय घरात?"

"मी."

"लक्ष्मी हाय ती."

"म्हणूनच बापू. सकाळी लक्ष्मीला रोज मागं मागं ढकलत भायेर काढायची का? तोंडानं जाऊ दे की तिला."

तात्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं, असं त्यांच्या बाबतीत मी फक्त त्या एका संध्याकाळी पाहिलं. आतून भाकरी करपल्याचा वास आला. आई पळाली. बापूंनी हात मागं टाकून बाजेचा गात, म्हणजे कडेचा दांडा, चाचपला.

"दिगू," ते म्हणाले, "बाज फिरव."

"कुणीकडं, बापू?"

"उगवतीला. सकाळी पोरगी निघंल, ती दिसली पायजे."